भूमिहीनाच्या पोराला हमीदार कुठून आणायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं आहे. कापसाचा भाव, सोयाबीन, सिंचनाचा अनुशेष यांवर आपले आमदार बोलतील आणि बोलायलाच हवं. त्यांनी आणखी एक विषय घ्यावा म्हणून हे पत्र लिहिते आहे. गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांसाठी आपल्याकडे कायदा चांगला आहे, पण त्याची सगळी यंत्रणा जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मुलगा राहतो गावात, बिघडतो गावात आणि सुधारायचा तोही गावातच. त्या गावाला मात्र या कामात कुणी विचारत नाही.

मी केळापूर तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि माझंही छापू नये. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्याला शिक्षा आहे. गावात पोलीस पाटील एकच असते, म्हणून माझं नाव कळलं की मुलाचं घर शोधायला वेळ लागणार नाही. खाली जे सांगते त्यातले काही बारकावेही याच कारणाने बदलले आहेत.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या शिवारातल्या नाल्याकाठच्या विहिरींवरून मोटारपंपांच्या केबली चोरीला गेल्या. एक माझ्या चुलत दिराची होती. कपाशीला पाणी हवं होतं, दिवसा लाइन नव्हती आणि रात्री लाइन आली तेव्हा विहिरीवर केबल नव्हती. हंगामात उसने पैसे काढून नवी केबल आणायची म्हणजे काय, ते मी घरातच पाहिलं. त्यामुळे ‘लेकरं आहेत, सोडून द्या’ असं मी म्हणणार नाही. चोरी ती चोरी.

पकडले ते तिघं. एक बावीस-तेवीस वर्षांचा, दुसरे दोघं शाळा सुटलेली पोरं. केबल ओढायची, नाल्यात नेऊन वरचं प्लास्टिक जाळायचं आणि तांबं भंगारात द्यायचं, असं ते चाललं होतं. पोलिसांनी दोन्ही मुलांना चोवीस तासांच्या आत जिल्ह्याला बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे मुलांच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या मंडळासमोर, नेलं, कोठडीत घातलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. साध्या गुन्ह्यात मुलावर एफआयआर करायचा नसतो, पण सोबत सज्ञान आरोपी असला तर करता येतो, म्हणून इथे गुन्हाही दाखल झाला. मुलांजवळ साध्या कपड्यांत जायचं असतं, तेवढं झालं नाही. वर्दीतल्या शिपायांनी भर बाजाराच्या दिवशी त्यांना गाडीत बसवलं आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता. मी सांगितल्यावर तो काढला, पण तोवर शेजारच्या चार गावांत गेला होता.

यातल्या एका मुलाचंच सांगते. बाप सालगडी, आई निंदणाला आणि वेचणीला जाते. सातबारावर यांचं नाव कधीच नव्हतं. मंडळाने पहिल्याच दिवशी त्याला सोडायचं म्हटलं. हमीदार आणा, असं सांगितलं. बाप दुसऱ्या तालुक्यात जिनिंगवर कामाला गेलेला, आईला हमीदार म्हणजे काय ते माहीत नाही. कार्यालयात तिला कुणीतरी सांगितलं की सातबारा असलेला माणूस आण. ती रात्री माझ्या दारात आली. ‘बाई, आमच्यापाशी काहाचा सातबारा? पोट्टं तठीच ठेवतीन का हो ते?’ एवढंच ती म्हणत होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. बाल न्याय कायद्याच्या कलम 12 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की मुलाला हमीदार घेऊन किंवा न घेताही जामिनावर सोडता येतं. परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलाची घरची माहिती काढणारा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी, त्याच्या देखरेखीखाली सोडता येतं, एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यातही देता येतं. जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणायचं असतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी सालगड्याच्या पोराचा विचार केला होता. पण ही गोष्ट त्या बाईला सांगणारं तिथे कुणी नव्हतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक मुलाला फुकट वकील मिळतो, 15100 या क्रमांकावर फोन करता येतो, हेही तिला कुणी सांगितलं नाही. जामीन मिळालेलं पोरगं दिवाळीत निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात तिथे) होतं आणि आईबापाने घरात दिवा लावला नाही. शेवटी त्याच्यासाठी हमीदार म्हणून उभा राहिला तो माझा चुलत दीर, ज्याची केबल गेली तोच. तो म्हणाला, ‘पोट्ट्याले काय बांधून ठेवता? त्याले धाडणाऱ्याले अन् माल घेणाऱ्याले धरा ना.’

त्याचं म्हणणं कायद्यातही आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 प्रमाणे मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षं शिक्षा आहे. आमच्या भागात केबल असो, नाहीतर शेतातला वेचून ठेवलेला कापूस, बहुतेक वेळा मागे एक मोठा माणूस असतो आणि पुढे एक पोरगं. पोरगं रात्रीतून जाऊन येतं आणि हातात दोन-चारशे रुपये पडतात. हे कलम लावलेलं मी अजून पाहिलं नाही. ते लावायचं तर पोराला कुणी पाठवलं हे शांतपणे विचारणारं कुणीतरी हवं, आणि पोरगं खरं बोलेल ते ओळखीच्या माणसापाशीच.

मला सर्वांत जास्त खटकतं ते सामाजिक तपास अहवालाचं. मुलगा पहिल्यांदा मंडळासमोर आला की पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने हा अहवाल द्यायचा असतो. घरची परिस्थिती काय, शाळा कधी आणि का सुटली, संगत कुणाची, घरात दारू आहे का, मार आहे का, हे सगळं त्यात यायला हवं. मंडळ त्यावरून ठरवतं की मुलाला समज देऊन सोडायचं, समुपदेशनाला पाठवायचं, सामाजिक सेवा करायला लावायची की आणखी काही. म्हणजे मुलाचं पुढचं आयुष्य त्या कागदावर अवलंबून आहे. आमच्या मुलासाठी मला फोन आला. वागणूक कशी आहे, बाप काय करतो, दोन मिनिटांत संपलं. मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. सोळा तालुक्यांचा यवतमाळ जिल्हा, हाताशी माणसं थोडी, गाडी नाही. तो गावात आला असता तर त्याला जे दिसलं असतं ते फोनवर सांगता येत नाही.

त्याला दिसलं असतं की आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत आहे आणि आठवीपासून मोठ्या गावाला जावं लागतं. आधी मुक्कामी एसटी होती, सकाळी मुलं तिच्यातून जायची. कोरोनात ती बंद झाली, मग नोव्हेंबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत संप चालला, आणि त्यानंतर ती गाडी आमच्याकडे पुन्हा आलीच नाही. मानव विकास कार्यक्रमाची सरकारी बस येते, पण ती मुलींसाठी आहे. मुलींना ती मिळालीच पाहिजे, माझी स्वतःची भाची तिच्यामुळे बारावीपर्यंत पोचली. पण त्याच फाट्यावर मुलगे उभे राहून बस जाताना बघतात. या पोराने आठवीत काही महिने पायी ये-जा केली, मग पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि नंतर तो गेलाच नाही. शाळेने नाव कमी केलं नाही, पण हजेरीही कुणी विचारली नाही. दोन वर्षं तो कधी फवारणीला, कधी वीटभट्टीवर जात होता आणि उरलेला वेळ पानठेल्यावर. तिथेच त्या बावीस वर्षांच्याशी ओळख झाली. यातली एक ओळ अहवालात आली असती तरी मंडळाने शाळेत परत घालण्याचं काही सुचवलं असतं असं मला वाटतं.

दुसऱ्या मुलाचं थोडक्यात. अंगाने दांडगा, मिशी फुटलेली, म्हणून कागदावर आधी त्याचं वय एकोणीस लिहिलं होतं. शाळेच्या रजिस्टरवरून सतरा निघालं. वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी, हा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये आहे. दाखला वेळेत मिळाला नसता तर हा मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात गेला असता. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की असा दाखला मागायला कुणी आलं तर उद्या या म्हणू नका.

आता तारखांचं. चोरीच्या साध्या कलमाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय कायद्यात तो किरकोळ गुन्हा ठरतो. त्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढ, आणि तरीही संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. कलम 14 वाचा. पण तोवरच्या तारखांना पांढरकवड्याहून, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाहून, यवतमाळ 70 किलोमीटरच्या आसपास, त्याआधी गावातून पांढरकवड्याला यायचं ते वेगळं. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून बाप जात नाही, आईच जाते. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. ऐन वेचणीत मजुरी बुडवून गेलेल्या आईला एखाद वेळी कळतं की आज मंडळ बसलं नाही. पोडांवरच्या (आदिवासी वस्त्यांवरच्या) कोलाम आयांना तर तारीख काय दिली हेही नीट समजत नाही, कारण बोलणारा मराठीत भराभर बोलतो. गडचिरोलीत सिरोंच्याहून जिल्ह्याचं गाव दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, तिथल्या बायांचे काय हाल होत असतील!

मंडळावरच्या रिकाम्या जागा भराव्यात आणि मंडळाच्या बैठका नियमित व्हाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 2018 च्या निकालात बजावलं आहे. कलम 4 मध्ये प्रत्येक जिल्ह्यासाठी एक किंवा अधिक मंडळं नेमता येतात. मग वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या बाजूसाठी दुसरं मंडळ का नसावं? ते होईपर्यंत निदान महिन्यातून एकदा पांढरकवड्याला बैठक घ्यावी. कोर्टाच्या इमारतीत मंडळ बसवायचं नसतं, पण पंचायत समितीच्या सभागृहात बसता येईल. तारखेला येणाऱ्या आई-बापाला भाडं आणि एका दिवसाची मजुरी द्यावी. ही रक्कम जिल्हा नियोजनाच्या हिशेबात कुठे दिसणारही नाही.

आणि गावाला विचारा. शासनाने 2014 मध्येच गावोगाव ग्राम बाल संरक्षण समित्या करायला सांगितल्या. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, पोलीस पाटीलही तिच्यावर असतो. बहुतेक गावांत ही समिती एका फलकावर आणि एका रजिस्टरात आहे. माझं मागणं असं की गावातलं मूल पोलिसांनी नेलं की त्याच दिवशी ठाण्याने समितीला कळवावं. हमीदाराची अडचण आली तर समितीतला माणूस मंडळासमोर उभा राहील, मूल त्याच्या देखरेखीत द्यावं. परिविक्षा अधिकाऱ्याने एक फेरी गावात मारावी आणि समितीसमोर बसून अहवाल लिहावा. अंगणवाडी सेविकेने त्या पोराला गुडघ्याएवढा असल्यापासून पाहिलेलं असतं, तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिच्यावर आधीच कामांचा ढीग आहे हे मला माहीत आहे, म्हणून या कामाचा प्रवासभत्ता तिला मिळालाच पाहिजे.

ग्रामसभेत हा विषय मी काढला तेव्हा एक जण उठून म्हणाला की हा कायदाच पोरांना लाडावतो, पुण्यात अल्पवयीन पोराच्या गाडीने दोन जीव गेले आणि त्या पोराला निबंध लिहायला लावला. मे 2024 मधल्या त्या प्रकरणाचा राग मलाही आला होता. पण ज्या कायद्याने तिथे पंधरा तासांत जामीन दिला, त्याच कायद्याने आमच्या पोराला दिवाळी आत काढावी लागली, कारण त्याच्यामागे वकील नव्हता, गाडी नव्हती आणि सातबारा नव्हता. कायदा कडक करून हा फरक मिटणार नाही. तो मिटेल गावात माणूस पाठवून.

पोरगं आता घरी आहे. शाळेत पुन्हा नाव घालायचं म्हटलं तर तो म्हणतो, फोटो पाहिलेली पोरं तिथे आहेत. प्रकरण संपल्यावर त्याचा रेकॉर्ड ठेवायचा नाही, पुढे नोकरीला ते आड येऊ द्यायचं नाही, असं कलम 24 मध्ये आहे. हे त्याला मी समजावून सांगितलं. भरतीला चालते का मंग, एवढं त्याने विचारलं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. तालुक्याच्या बातमीदारांना सांगावं की अशा बातमीत नाव गाळून गाव, बापाचं काम आणि शाळा छापली तर नाव छापल्यासारखंच आहे. आणि येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत बाल संरक्षण समितीचं रजिस्टर वाचायला मागा, शेवटची बैठक कधी झाली ते विचारा, असं वाचकांना आपल्या पानावरून सांगता आलं तर सांगावं.

आपली,
एक पोलीस पाटील
केळापूर तालुका, जि. यवतमाळ