पुलगावच्या कॅसेटवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

१९९८ च्या उन्हाळ्यात बारावी करून मी दिवस दिवस तुमच्या टेप दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसायचो. आदल्या हंगामात अळीनं आमचा कापूस खाल्ला होता आणि बाबांशी बोलणं तुटलं होतं. गावातून निघायचं, एवढंच डोक्यात.

तुम्ही कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून टेपचं हेड पुसत होता. बोळा तपकिरी झाला तसा दुसरा घेतला, मग कॅसेट लावली. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन, ‘थंडर रोड’, १९७५. इंग्रजी मला धड कळेना. तुम्ही रीळ मागे नेऊन एकेक ओळ उलगडलीत. पोरगा पोरीला म्हणतो, गाडीत बस, हे गाव हरलेल्यांचं आहे, मी जिंकायला निघालोय. अंगावर काटा आला. न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्डमध्ये वाढलेल्या माणसाला माझ्या मनातलं कसं कळलं? गाव सोडावंसं वाटणं म्हणजे आईबापाशी बेइमानी, असं मी धरून बसलो होतो. ते ओझं तिथंच उतरलं.

पण खरे आभार पुढच्या गाण्याचे. तुम्ही त्याचंच १९८४ चं ‘माय होमटाउन’ लावलंत. बाप ८ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन गाडी चालवतो, म्हणतो, नीट बघून घे, हे तुझं गाव. पुढे रुळांपलीकडची कापडाची मिल बंद पडते. पोरगा ३५ चा होतो, बायकोशी गाव सोडायचं बोलतो, आणि आपल्या पोराला स्टिअरिंगमागे बसवून तेच गाव दाखवतो.

“जायाचं तं जाय बाप्पा,” तुम्ही म्हणालात, “पन हारलेलं कोनाले म्हनतं, ते पाहून जाय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांसोबत बंडीत बसून वावरात गेलो. किती महिन्यांनी! ते फारसं बोलले नाहीत, फक्त कासरा माझ्या हातात दिला. पुढे महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला निघालो, तेव्हा पुलगाव स्टेशनवर डबा घेऊन तेच उभे होते. तुम्ही नसता, तर मी भांडून, रात्रीच पळून गेलो असतो. आज बाबा नाहीत, म्हणून हे जास्तच जाणवतं.

आपल्या पुलगावची मिलही बंद पडली, त्या दिवशी पुण्यात मी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं.

दादा, तान्ह्या पोळ्याला येतोय. पोरगा दुसरीत आहे. त्याच्या लाकडी बैलाला बाशिंग तुमच्या हातून बांधायचं आहे.

तुमचा,
आर्वी रस्त्यावरचा पोरगा