माई, तो कप्तान गेला नव्हता

प्रिय माई,
साष्टांग नमस्कार.

परवा एका जुन्या पोर्तुगीज कागदाची दोन पानं कोशाला हात न लावता वाचली आणि तुमच्या म्हापशाच्या घराचा बल्कांव, म्हणजे बाहेरचा बसायचा सोपा, आठवला. म्हणून हे उघडं पत्र.

तुमच्याकडे भाड्याने राहायला आले ती पणजीच्या पुराभिलेखागारात वसईचे कागद बघायला. वसई माझं गाव. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली, ही आमची बाजू पाठ. त्याआधीची दोनशे वर्षं मात्र पोर्तुगीजमध्ये. क्लासमध्ये तक्ते घोकून झाले होते: ‘आर’, ‘एर’, ‘ईर’ असे क्रियापदांचे तीन गट आणि काळागणिक सहा प्रत्यय. तरी पहिल्याच आठवड्यात ‘फोय कापितांव’ म्हणजे ‘कप्तान गेला’ असं लावून मी वहीत त्याचे दिवस घातले! वाल सोलता सोलता तुम्ही केवढ्या हसलात. ‘जाणे’ आणि ‘असणे’, दोन्हींचा पोर्तुगीजमधला भूतकाळ एकच, ‘फोय’. बिचारा वसईचा कप्तान होता, एवढंच.

मग तुम्ही विचारलंत, “मदीं इंग्लीश कित्याक हाडटा?” मध्ये इंग्रजी कशाला आणतेस? आणि तिथून खरी शिकवणी सुरू झाली. सेगुंदु ग्राउपर्यंतच्या, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंतच्या, शाळेत तुम्ही जे शिकलात, ते साठ वर्षांनी माझ्यासाठी ओव्यांतून काढलंत. “तुझी आजी जात्यावर काय करी?” “ओव्या गाई.” “तेंच कांताव्हा. आणि एकदाच गायली, तर कांतो.” शाळेत रीतिभूतकाळ म्हणून परीक्षेपुरता शिकलेला तो ‘गाई’ असा कामी येईल, हे कुणाला माहीत! ‘गात होती’लाही कांताव्हाच चालतं, हे तुम्ही नंतर हळूच सांगितलंत. कागदात याने फार फरक पडतो. गावकरी ‘पागाव्हांव’ म्हणजे कर भरत असत, ती रीत. ‘पागारांव’ म्हणजे भरला, तो प्रसंग. आपला ‘पगार’ याच क्रियापदाच्या घरचा, हे कळल्यावर तर ते विसरणं शक्यच नव्हतं.

भविष्यातल्या ‘जेव्हा’साठी पोर्तुगीजमध्ये क्रियापदाचं वेगळंच रूप असतं. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ वापरते, त्यामुळे मी अडायची. तुम्ही मला बाजारात पाठवताना म्हणायचात, “क्वांदु व्हियेरेश, त्राश पांव.” येशील तेव्हा पाव आण. ‘येशील’! मराठी तिथे आधीच भविष्यात जाऊन उभी.

क्रियापदाच्या मूळ रूपालाच ‘आपण’, ‘ते’ यांचे प्रत्यय लावायची पोर्तुगीज भानगड मात्र अजून डोक्यात शिरत नाही. त्याला मराठीत जोड सापडली तर कळवा.

डिसेंबरात येतेय. क्वांदु व्हियेर, त्रागु सुकेळी. येईन तेव्हा सुकेळी, आमची वाळवलेली केळी, आणेन. चूक असेल तर तिथेच सांगा, वाल मी सोलेन.

तुमची,
मागच्या खोलीतली भाडेकरू