चार श्रेणींची वर्गणी, एका श्रेणीचे वार्तांकन : एक तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग,
क्रीडा वृत्तसेवा

विषय : वरच्या श्रेणीबाहेरील फुटबॉल क्लबांच्या अपुऱ्या व सदोष वार्तांकनाबाबत.

महोदय / महोदया,

इंग्लिश फुटबॉलच्या चारही व्यावसायिक श्रेणींचे संपूर्ण वार्तांकन मिळेल, हे आपल्या वर्गणीच्या पानावरील आश्वासन वाचूनच मी या सेवेची वार्षिक वर्गणी भरली. प्रत्यक्षात प्रीमियर लीगच्या 20 क्लबांच्या बातम्या दिवसभर येत राहतात आणि चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू मिळून होणाऱ्या 72 क्लबांच्या वाट्याला बहुतेक आठवड्यांत निकालांची यादी आणि वृत्तसंस्थेकडून आलेल्या चार ओळी, एवढेच येते. पैसे चार श्रेणींचे घेऊन माल एकाच श्रेणीचा दिला जात असल्याने ही तक्रार नोंदवत आहे.

माझी तक्रार थेट प्रक्षेपणाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. प्रक्षेपणाचे हक्क वेगळे विकले जातात आणि खुद्द ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामने थेट दाखवण्यावर निर्बंध आहे, याची मला कल्पना आहे. सामना पाहून त्याचा वृत्तान्त लिहिण्यावर मात्र कोणतेही निर्बंध नाहीत.

सर्वांत आक्षेपार्ह बाब गुणतक्त्याची आहे. चॅम्पियनशिप आणि लीग वनमधून पहिले दोन संघ थेट वर जातात, तर लीग टूमधून पहिले तीन. आपण मात्र तिन्ही तक्त्यांत दुसऱ्या क्रमांकाखालीच रेघ ओढता, त्यामुळे लीग टूमध्ये तिसऱ्या स्थानावर असलेला संघ आपल्याकडे प्लेऑफच्या, म्हणजे बढतीची उरलेली जागा ठरवणाऱ्या सामन्यांच्या, रांगेत उभा दिसतो. गुणकपातीची नोंदही आपल्या तक्त्यात अनेक दिवस उशिरा येते. 2021-22 च्या हंगामात डर्बी काउंटीचे आर्थिक कारणांवरून एकूण 21 गुण कापले गेले आणि त्या हंगामाअखेर तो संघ लीग वनमध्ये घसरला. कपात न दाखवणारा तक्ता अशा वेळी किती निरुपयोगी ठरतो, हे फुटबॉलचे वार्तांकन करणाऱ्यांना मी समजावून सांगावे, हेच मुळात विचित्र आहे.

खालच्या श्रेणीतील क्लबाला आपल्या मुखपृष्ठावर जागा मिळते ती चषक स्पर्धेत त्याची गाठ एखाद्या बड्या क्लबाशी पडली तर, त्याचा मालक चित्रपटसृष्टीतला असेल तर, किंवा क्लब बुडायला आला तर. (चित्रपट कलाकारांच्या मालकीच्या रेक्सहॅमने 2023 ते 2025 अशा सलग तीन हंगामांत बढती मिळवली, ही कामगिरी थोरच आहे, पण आपल्या बातम्यांत खेळाडूंपेक्षा मालकांचीच नावे अधिक वेळा येतात.) चषकातील धक्कादायक निकालाचा वृत्तान्तही हरलेल्या बड्या क्लबाच्या प्रशिक्षकाभोवती फिरतो, जिंकलेल्या संघाचा गोल कोणी आणि कसा केला, हे शोधायला शेवटच्या परिच्छेदापर्यंत जावे लागते.

क्लब बुडण्याच्या बातमीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. 1900 आणि 1903 साली एफए चषक ही इंग्लंडची राष्ट्रीय चषक स्पर्धा जिंकणाऱ्या बरी क्लबाची ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून हकालपट्टी झाली. त्याच वर्षी वसंतात, खेळाडूंचे पगार थकलेले असताना, या संघाने लीग वनमध्ये बढती मिळवली होती. म्हणजेच संकट एका रात्रीत कोसळले नव्हते. थकलेले पगार, मालकीतील बदल, मैदानावर काढलेले कर्ज या गोष्टी हंगामभर बातमीचा विषय असायला हव्यात. आता तर 2025 च्या कायद्याने इंग्लंडमधील पहिल्या पाच श्रेणींच्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला आहे, आणि त्याच्या परवान्यांचा सर्वाधिक परिणाम लहान क्लबांवर होणार असताना आपल्याकडे त्याविषयी जे छापून आले ते बड्या क्लबांच्या नाराजीपुरतेच होते.

माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या प्रतिनिधींनी असे उत्तर दिले, की बातम्या वाचकांच्या पसंतीनुसार ठरतात. जे छापलेच जात नाही त्याची पसंती कशी मोजता, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी वर्गणीच्या पानावर पसंतीची अट कुठेही नाही. शिवाय या श्रेणींमधील अंतर कायमचे नसते. 2009 ते 2014 या काळात पाचव्या श्रेणीत खेळणारा लूटन टाउन 2023 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि 1885 साली स्थापन झालेल्या त्या क्लबाची ओळख आपल्या सेवेने जणू तो आदल्या आठवड्यातच निघाला असावा अशा थाटात करून दिली.

तरी, तिन्ही श्रेणींचे गुणतक्ते त्वरित दुरुस्त करावेत, प्रत्येक श्रेणीसाठी स्वतंत्र वार्ताहर नेमून त्याचे नाव वृत्तान्तासोबत द्यावे आणि हे कधीपर्यंत होईल ते लेखी कळवावे. शक्य नसल्यास माझ्या वर्गणीच्या उर्वरित कालावधीची रक्कम परत करावी आणि वर्गणीच्या पानावरील ‘चारही श्रेणी’ हे शब्द काढून टाकावेत. सदोष तक्त्यांची छायाचित्रे आणि आधीच्या पत्रव्यवहाराची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार