मेंदूच्या गाठीचा रुग्ण आणि केसपेपरवरचे ८०

संपादक महोदय,

मेंदूच्या गाठीचा रुग्ण ओपीडीत गेला की त्याची एकूण स्थिती बहुधा एका आकड्यात नोंदवली जाते. कार्नोफ्स्की मोजपट्टीचा हा आकडा ० ते १०० असा दहा-दहाच्या टप्प्यांनी चढतो. ७० म्हणजे रुग्ण स्वतःचे आवरतो पण कामधंदा करू शकत नाही, आणि ८० म्हणजे कष्टाने का होईना, नेहमीचे व्यवहार करतो. केमोथेरपीच्या पहिल्या औषधांचा परिणाम जोखण्यासाठी १९४० च्या दशकाअखेर ही पट्टी तयार झाली. उपचार ठरवताना तिचा उपयोग आजही होतो, याबद्दल वाद नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूच्या पुढच्या भागातील गाठ काढल्यानंतर त्याच्या केसपेपरवर ८० लिहिले गेले. तो चालतो, अंघोळ करतो, डॉक्टरांशी हसून बोलतो; दहा मिनिटांत याहून वेगळे काही दिसणार तरी कसे? घरी मात्र फिट्सच्या गोळ्यांपैकी सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती हे त्याला लावता येत नाही, आणि दूध उतू जात असले तरी गॅस बंद करायला हात पुढे होत नाही. ठाणे स्थानकात फलाट बदलल्याची घोषणा झाली, सारी गर्दी जिन्याकडे धावली आणि हा इंडिकेटरखाली तसाच उभा राहिला. घोषणा काय झाली, हे त्याने मला शब्दशः सांगितले. कामाचा क्रम लावणे आणि सुरुवात करणे हे मेंदूच्या याच भागाकडे असते, आणि तिथे इजा झाली की आपल्याला काही जमत नाही हेही अनेकदा रुग्णाच्या ध्यानात येत नाही. ‘काही त्रास?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो, ते अगदी प्रामाणिकपणे.

रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजणारा १९६५ चा बार्थेल निर्देशांकही जेवणे, कपडे घालणे, जिना चढणे अशा शरीराच्या मूलभूत गोष्टीच पाहतो. फोन, खरेदी, प्रवास, औषधे, पैशांचे व्यवहार यांची विचारपूस करणारी लॉटन आणि ब्रॉडी यांची पट्टी १९६९ पासून उपलब्ध आहे. ती जशीच्या तशी वापरावी असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडच्या कित्येक पुरुषांनी धडधाकट असतानाही कधी स्वयंपाकाला किंवा धुण्याला हात लावलेला नसतो. तिथे शून्य पडले तर दोष गाठीचा नव्हे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण कोणती कामे करत होता हे आधी लिहून घ्यावे आणि पुढच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहाव्यात. प्रश्नही इथल्या जगण्यातले असावेत: स्लो-फास्ट गाडी ओळखणे, मोबाइलवरून लाइट बिल भरणे, भाजीवाल्याकडून उरलेले पैसे मोजून घेणे. ते रुग्णाला आणि घरच्या माणसाला वेगवेगळे विचारावेत, आणि रेडिएशननंतर काही वर्षे विचारत राहावेत, कारण त्याचे परिणाम उशिरानेही दिसतात.

हे मुंबईला अशक्य नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी कमी तीव्रतेच्या गाठी असलेल्या २०० मुले व तरुणांच्या बौद्धिक क्षमतेची पाच वर्षे मोजणी केली आणि नेमक्या जागी दिलेल्या रेडिएशनने ती अधिक चांगली टिकते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. संशोधनात जे जमते त्याचा छोटा भाग रोजच्या ओपीडीत आणण्यासाठी डॉक्टरांचा वेळही लागणार नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) किंवा समाजसेवा विभागातील कर्मचारी हे विचारू शकतात, आणि नंबर येईपर्यंत बाहेर बसलेल्या नातेवाइकांपाशी वेळच वेळ असतो. अशी लेखी नोंद हाती असली, तर ‘तुमचा भाऊ तर ठणठणीत दिसतो’ म्हणणाऱ्या कार्यालयाला हलके काम किंवा वाढीव रजा मागताना दाखवायला काही कागद तरी असेल.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई