कुत्र्याच्या आंघोळीच्या पाण्यात फिनेल टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे कुत्र्यांना गोचिडी व्हायचे दिवस आले. परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारचा मुलगा त्याच्या लॅब्रॅडॉरला आंघोळ घालत होता आणि बादलीत पांढरं फिनेल ओतताना दिसला, मी धावत जाऊन ती बादली आधी उलटी केली आणि मग त्याला कारण सांगितलं. तेच इथं लिहितेय, कारण असं करणारे खूप जण आहेत आणि सगळे प्रेमापोटीच करतात.

चार वर्षांपूर्वी मीही केलंय. आमचा बंड्या गावठी, धायरीच्या रस्त्यावरनं पिल्लू असताना उचलून आणलेला. त्या जूनमध्ये त्याच्या कानामागं, पट्ट्याखाली, पंजांच्या बोटांमध्ये गोचिडीच गोचिडी. ओळखीतल्या एकीनं सांगितलं, शेवटच्या पाण्यात दोन झाकणं फिनेल टाक, सगळ्या गळून पडतात. टाकलं. तासाभरात लाळ गळायला लागली, पोट आणि जांघा लालबुंद, तो सारखा अंग चाटत होता आणि मग उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्याला परत धुऊन काढलं, मग सलाईन लावलं. ते म्हणाले बाटलीवरचं लेबल दाखवा, आत नेमकं काय आहे ते कळू दे. लेबल कुठलं आणू, दारावर येणाऱ्याकडनं कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत घेतलेलं ते! रात्रभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि अंगाला फरशीचा वास. बंड्या वाचला, पण तेव्हापासून आमच्या घरात फिनेल येत नाही.

फिनेल कातडीतनं अंगात भिनतं, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणजे पोटातही जातं, हे मला तेव्हा कळलं. रॉकेलचंही तसंच. आणि एवढं करून गोचिडी जातच नाहीत, कारण अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या भिंतीच्या फटीत, त्याच्या गोधडीखाली, दाराच्या चौकटीत असतात, एकेक मादी हजारो अंडी घालते. गोचीड चावून होणाऱ्या तापात रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात आणि कुत्रा दगावू शकतो, त्यामुळं गोचिडीचं औषध डॉक्टरांकडनंच घ्यावं, गोळी असो नाहीतर मानेवर टाकायचे थेंब. थेंब टाकले तर आधी नि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ नको. आणि घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कुत्र्याची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात.

आंघोळ मळासाठी घालायची. आम्ही महिन्यातनं एकदा घालतो, बास होते. पाणी ओतायच्या आधी कोरड्या अंगावरनं ब्रश फिरवायचा, कारण गुंता भिजला की आणखी आवळतो. खाली जुनं पायपुसणं टाकायचं, पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि पुढच्या वेळी बाथरूमच्या दारातच बसून राहतो. कोमट पाणी, मागच्या पायांपासनं सुरुवात, तोंड फक्त ओल्या फडक्यानं पुसायचं, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आपला शाम्पू वापरू नका हो. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.५ च्या आसपास आणि कुत्र्याचा ७ च्या जवळपास, आपल्या शाम्पूनं त्याची कातडी कोरडी पडते आणि मग तो खाजवून खाजवून जखमा करतो. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो बऱ्याचदा दहाएक मिनिटं अंगावर ठेवायचा असतो, तेवढा वेळ बंड्याला धरून बसणं हेच खरं काम, मी त्याच्या छातीवर हात ठेवून बोलत बसते, मग तो हलत नाही. फेस मात्र पूर्ण निघेपर्यंत धुवायचं, पोटाखाली आणि काखेत बोट फिरवून बघायचं बुळबुळीत लागतंय का. टँकरचं पाणी असलं तरी इथं काटकसर नको. आणि पावसाळ्यात टॉवेलनं अगदी मुळापासनं कोरडं करा, दाट केसांच्या कुत्र्यांत आत ओल राहिली की चट्टे पडतात.

माझी विनंती एवढीच की पाऊस सुरू व्हायच्या आत आपल्या पेपरात एखाद्या पशुवैद्याकडनं यावर सविस्तर माहिती छापावी, पेपरात आलं की आमच्यासारखी माणसं ऐकतात. आणि लेबल नसलेलं सुटं फिनेल दारोदार विकलं जातं, त्यावरही कुणीतरी लक्ष घालावं.

आपली,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे