पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीबद्दल

आदरणीय काका,

तुमचं पार्सल येऊन तीन आठवडे झाले. व्हॉल्व्ह, म्हणजे अँप्लिफायरमधल्या काचेच्या निर्वात नळ्या, बसले. त्यांत तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा प्रवाह मधली जाळी, म्हणजे ग्रिड, आवरते. त्या ग्रिडवरचं उणे व्होल्टेज, म्हणजे बायसही लागला. अँप्लिफायर रोज चालतोय. फोनवर दोन शब्दांत हे आभार आटोपणं बरं वाटेना, म्हणून हे पत्र लिहितोय, आणि तेही सगळ्यांसमोर. भरवशाचे व्हॉल्व्ह शोधताना जे पोळले आहेत, त्यांना चांगला विक्रेता नेमकं काय करतो हे कळायला हवं.

पहिले आभार तुम्ही दिलेल्या नकाराचे. स्पीकरला ताकद देणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हची, ईएल३४ ची, जोडी मागितली, तर तुम्ही आधी विचारलंत: प्लेटवर किती व्होल्ट येतात? स्क्रीनला, म्हणजे दुसऱ्या ग्रिडला, किती ओहमचे रेझिस्टर आहेत? आधीची जोडी कशी गेली? "एकाची प्लेट तापून लाल झाली आणि तो गेला" हे ऐकल्यावर म्हणालात, "मग आत्ता विकत नाही. कारण सापडलं नाही तर माझाही तसाच जळेल."

मग तपासणी सांगितलीत. आउटपुटचे दोन्ही व्हॉल्व्ह काढायचे, अँप्लिफायर चालू करायचा आणि दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, डीसी मोजायचं. आत साडेचारशे व्होल्ट असतात, तेव्हा एक हात पाठीमागे ठेवूनच मोजायचं, हेही न विसरता बजावलंत. दोन्हीकडे सारखंच उणे व्होल्टेज दिसलं पाहिजे. एका बाजूला उणे ३८ होतं, दुसऱ्या बाजूला फक्त उणे २७. या दुसऱ्या बाजूचा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा कपॅसिटर, गळत होता. फेज इन्व्हर्टरच्या, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्हना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या आधीच्या टप्प्याच्या, प्लेटवरचं डीसी त्यातून झिरपत होतं आणि ग्रिडला वर ओढत होतं, म्हणून त्या बाजूचा व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त करंट ओढून लाल होत होता. सोबत १ नंबरची पिन ८ ला जोडलेली आहे का तेही बघायला लावलंत, कारण ६एल६ या दुसऱ्या आउटपुट व्हॉल्व्हसाठी बांधलेल्या अँप्लिफायरमध्ये ती बऱ्याचदा मोकळी असते आणि ईएल३४ मध्ये तिथे सप्रेसर, म्हणजे तिसरा ग्रिड येतो, तो ८ वरच्या कॅथोडला जोडावा लागतो.

याआधीच्या विक्रेत्याने एकही प्रश्न न विचारता लागोपाठ दोन जोड्या दिल्या होत्या. पहिली जळाल्यावर त्याचं उत्तर होतं, "वापरणाऱ्याची चूक." दुसरी "मॅच्ड पेअर" असा शिक्का असलेली होती. तीच तुमच्याकडे तपासायला पाठवली, तेव्हा ४५० व्होल्टवर, एकाच बायसला, एक व्हॉल्व्ह ३१ मिलीअँपिअर ओढत होता आणि दुसरा ४४. याला जोडी म्हणणं ही फसवणूक आहे. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने ओढतात अशा जोडणीत, दोन्ही बाजूंचे करंट सारखे असले तरच पुरवठ्यातली घरघर एकमेकींना खोडते आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकतर्फी चुंबकत्व साठत नाही. १३ मिलीअँपिअरचा फरक म्हणजे घरघर कायमची, आणि खालचे सूर ढिले.

तो शिक्का कसा पडतो तेही तुम्ही समजावलंत. साध्या एमिशन टेस्टरमध्ये सगळे ग्रिड प्लेटला जोडून व्हॉल्व्हला डायोडसारखं तपासतात, तेही कमी व्होल्टेजवर. काटा हिरव्या पट्ट्यात गेला की झालं. ग्रिडचा ताबा किती आहे, गरम झाल्यावर गॅस सुटतो का, याचा त्यात पत्ताच लागत नाही. तुम्ही मात्र प्रत्येक व्हॉल्व्ह ४८ तास तापवता आणि मगच मोजता, कारण पहिल्या काही तासांत करंट सरकतो आणि सकाळी जुळलेली जोडी दुसऱ्या दिवशी जुळेलच असं नाही. मोजताही खऱ्या व्होल्टेजवर. शेवटी अर्धा तास तापलेला ठेवून ग्रिडचा करंट बघता. ग्रिडला २२० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर ५ मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा बायस १.१ व्होल्टने वर सरकवते. त्याने करंट वाढतो, व्हॉल्व्ह आणखी तापतो, आणखी गॅस सोडतो आणि अखेर लाल होतो. एवढं तपासणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

ब्रँडच्या नावाला भुलू नका, हे तुमचं बोलणंही खरं निघालं. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल आणि आजच्या मुलार्डच्या डब्यांतला बराच माल रशियातल्या सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून येतो. त्याखेरीज जेजे स्लोव्हाकियात बनतात आणि काही कारखाने चीनमध्ये आहेत. मार्च २०२२ मध्ये रशियातून निर्यात थांबल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांनी घाबरून मिळेल ते उचललं, आणि नापास म्हणून बाजूला काढलेला मालही त्यात खपून गेला. नाव चांगलं असलं, तरी त्या एका व्हॉल्व्हची खात्री ते नाव देत नाही.

जुन्या साठ्यातल्या मालाचं तर विचारूच नये. त्या आधीच्या विक्रेत्याने जुन्या जर्मन टेलिफंकनचा म्हणून दिलेल्या ईसीसी८३ च्या (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या) तळाला, पिनांच्या मधल्या काचेत, अस्सल मालावर असते ती हिऱ्याची उठावदार खूण नव्हतीच. छापलेलं नाव मात्र नवं कोरं. आणि छपाई बोटाने पुसली जाते का, यावरून निर्णय करू नका असंही तुम्ही सांगितलंत, कारण अस्सल जुन्या मुलार्डवरची छपाईसुद्धा सहज पुसते. बघायचा तो काचेच्या तळाजवळ कोरलेला बारीक कोड: आधी व्हॉल्व्हच्या प्रकाराची अक्षरं आणि त्याखाली कारखान्याचं अक्षर, जसं मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न कारखान्यासाठी बी. काचेवरचा गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूच्या थराचा) चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह गेला. आणि डाग चकचकीत असला म्हणजे व्हॉल्व्ह ताजा, असंही नाही. तो फक्त निर्वात शाबूत असल्याचं सांगतो, कॅथोड किती झिजलाय ते नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

पार्सलमध्ये ईएल३४ च्या जोडीबरोबर तीन ईसीसी८३ होते. प्रत्येक खोक्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी, एकाच काचेतल्या दोन्ही ट्रायोडचे (दोन स्वतंत्र व्हॉल्व्हचे) वेगवेगळे आकडे: २५० व्होल्ट, ग्रिड उणे २, करंट १.२ आणि १.१ मिलीअँपिअर. तिसऱ्या खोक्यावर मात्र पेन्सिलीने एक ओळ होती: "टिचकी मारली की वाजतो. पहिल्या जागी नको, फेज इन्व्हर्टरला चालेल. नको असेल तर परत पाठवा."

ही ओळ लिहायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असेल. ती लिहिली नसती तरी आकडे बरोबरच होते, कुणीही तक्रार करू शकलं नसतं. असा हादऱ्याने वाजणारा, म्हणजे मायक्रोफोनिक, व्हॉल्व्ह मीटरवर ओळखू येत नाही. स्पीकरजवळ, गेन (सिग्नलची वाढ) वाढवून, पहिल्या जागी, म्हणजे सिग्नल सर्वांत आधी येतो तिथे, बसवला की मग तो शिट्टी मारतो. तिथला नुसता खडखडाट पुढच्या सगळ्या टप्प्यांतून कित्येक पटींनी वाढून बाहेर येतो. फेज इन्व्हर्टरला सिग्नल आधीच मोठा असतो आणि पुढे गेन थोडाच उरलेला असतो, म्हणून तिथे तोच व्हॉल्व्ह निमूट चालतो. म्हणजे तुम्ही प्रत्येकाला टिचकी मारून ऐकलंत. नुसतं ऐकून थांबला नाहीत, त्या दोषासह त्याची योग्य जागाही शोधून दिलीत आणि परत पाठवायची मुभाही दिलीत. आपल्या मालातला दोष गिऱ्हाइकाला दिसण्याआधी आपणच लिहून देणारा माणूस भेटला, की या व्यवहारात आधी झालेला सगळा मनस्ताप मागे पडतो. ती ओळ वाचून मन भरून आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. सचोटी म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी ते खोकं दाखवीन.

कपॅसिटर दोन्ही बाजूंचे बदलले. स्क्रीनचे रेझिस्टर तुम्ही सांगितल्याप्रमाणे १ किलोओहम, ५ वॉटचे घातले. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॉट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५, आणि ४५० व्होल्टला ते ३८.९ मिलीअँपिअर होतात. तुम्ही त्याहून थोडं खाली ठेवायला सांगितलं होतंत. कॅथोडला लावलेल्या १ ओहमच्या रेझिस्टरवर ४०.५ आणि ४१.५ मिलीव्होल्ट, म्हणजे तेवढेच मिलीअँपिअर, दिसतात. त्यातले साधारण साडेचार मिलीअँपिअर स्क्रीनचे, ते वजा केले की प्लेटचे ३६ आणि ३७ उरतात. चिठ्ठीत तुम्ही हेच आकडे लिहिले होते. काल पुन्हा मोजलं, तेव्हाही तेवढेच आले.

ती चिठ्ठी अँप्लिफायरच्या मागच्या फळीला आतून चिकटवली आहे, पुढे जो कोणी हा उघडेल त्याला आकडे हाताशी मिळतील. आणि पेन्सिलीची ओळ असलेला तिसरा ईसीसी८३ परत पाठवत नाही. तो फेज इन्व्हर्टरला शांतपणे चालतोय.

तुमचा ऋणी,
एक गिऱ्हाईक