‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणायच्या आधी झोप विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा एका पेपरात हेडिंग वाचलं, तरुणांमधेही वाढतोय विसराळूपणा, ही डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) चाहूल तर नाही ना? आणि खाली मेंदू तल्लख करायच्या युक्त्या. सगळ्या लेखात झोपेवर एक ओळ, आणि त्या माणसावर काही बेतलंय का, कसला धक्का बसलाय का, याबद्दल अवाक्षर नाही. मी 27 वर्षांची आहे, आणि हेच हेडिंग दोन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर हातपाय गळाले असते माझे, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा भावाच्या गाडीला अपघात झाला, मी मागे बसले होते. दोघंही वाचलो, भाऊ आता ठणठणीत आहे. पण त्या रात्रीचं मला काय आठवतं, तर स्ट्रेचरचं एक चाक करकरत होतं ते, आणि माझ्या एकाच पायात चप्पल होती ते. आम्हाला कुणी उचललं, धडक कुठल्या बाजूने बसली, घरी फोन मी केला की दुसऱ्या कुणी, काही म्हणजे काही नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी एक सांगितलं, दुसऱ्यांदा थोडं वेगळं, तर समोरचा म्हणाला आधी नक्की ठरवा काय ते आणि मग सांगा. मी खोटं बोलत नव्हते हो. जीव धोक्यात असतो तेव्हा मेंदू सगळं लक्ष एकदोन गोष्टींवर आवळून धरतो, भीतीची यंत्रणा म्हणजे अमिग्डाला जोरात असते त्यामुळे तेवढ्या गोष्टी कोरल्या जातात, पण आधी काय नंतर काय हे एका दोऱ्यात ओवायचं काम मेंदूतल्या ज्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं, त्याचं काम त्या ताणात बिघडू शकतं, म्हणून तुकडे राहतात आणि क्रम जातो. हे मला खूप उशिरा कळलं. कुणी आधी सांगितलं असतं तर स्वतःवरच संशय घेत बसले नसते.

पुढचे पाच-सहा महिने डोळा लागला की ती करकर ऐकू यायची आणि दचकून जाग यायची. रात्रीची झोप चार तास, फार तर पाच. आणि दिवसा? एकच पान तीनतीनदा वाचायचं, माणूस बोलतोय, मी मान हलवतेय, आणि तो वळला की आपलं काय बोलणं झालं याची पाटी कोरी. एकदा ऑफिसात साहेबांनी विचारलं सोमवारी ठरलेलं काम कुठंय, मी म्हटलं असं काही ठरलंच नाही, आणि वही उघडली तर माझ्याच अक्षरात, तारीख टाकून, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं. पोटात गोळा आला माझ्या. घरी म्हणायचे मोबाइल कमी कर, ऑफिसात म्हणायचे लक्ष कुठंय तुझं, आणि मला वाटायचं डोकंच चाललंय.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिला प्रश्न केला, झोपता किती? थायरॉइड, बी12 वगैरे तपासलं, ते करायलाच हवं कारण त्यानेही विसरायला होतं, पण ते नॉर्मल होतं. मग त्यांनी समजावलं की दिवसभरात शिकलेलं पक्कं करायचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो, विशेषतः गाढ झोपेत, आणि झोप झालेली नसेल तर दुसऱ्या दिवशी नवीन काही नीट आत शिरतच नाही. म्हणजे आपण म्हणतो विसरलो, पण पुष्कळदा ते धड साठवलंच गेलेलं नसतं. वर सततचा ताण असला की कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन चढतं, त्याने साठवलेलंही वेळेवर बाहेर येत नाही, परीक्षेत उत्तर येत असूनही सुचत नाही ना, तसंच.

नंतर मी स्वतः वाचलं त्यातलं एक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत 21 ते 38 वयाच्या 48 निरोगी लोकांवर एक प्रयोग झाला होता, 2003 साली तो छापून आला. ज्यांना रोज सहाच तास झोपू दिलं त्यांचं लक्ष आणि हातातलं काम होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवायची ताकद 14 दिवसांत इतकी घसरली की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी, आणि स्वतः त्यांना मात्र वाटत होतं की थोडीशीच झोप येतेय. सहा तास! आपल्यातली किती मुलं सहा तास झोप म्हणजे भरपूर समजतात, रात्रीचा दिवस करून अभ्यास केला की कौतुक होतं, प्रौढांना किमान सात तास लागतात हे कुणी सांगत नाही.

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच की तरुणांच्या विसरण्यावर लेख छापाल तेव्हा आधी झोप, ताण आणि बसलेला धक्का यावर लिहा. अचानक बोलणं अडखळलं, आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा हेही लिहा, पण बाकीच्यांना डिमेन्शियाची भीती घालू नका. धक्क्यासाठी समुपदेशन असतं, झोप न येण्यावर गोळ्यांशिवायही उपचार आहेत, मला दोन्हीचा उपयोग झाला. झोप सुधारायलाच चार महिने गेले, डोकं त्यानंतर हळूहळू ताळ्यावर आलं.

ते वहीचं पान मी ठेवलंय. वाचलं तरी ती मीटिंग आठवत नाही, डॉक्टर म्हणाल्या आता बहुतेक आठवणारही नाही. डोकं ताळ्यावर आल्यानंतरच्या मीटिंगा मात्र आठवतात.

आपली,
एक वाचक